दीड हाताचा वारसा

"ठाम खूण कुठंय?" मोजणीवाल्या साहेबांनी विचारलं आणि बांधावर जमलेली अकरा माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली.

अकरातली दोनच माणसं भांडणातली होती. एक मी आणि दुसरा माझा चुलत भाऊ. उरलेले नऊ जण नुसते बघायला आले होते. आमच्या पालम तालुक्यात मोजणी ही कुस्तीसारखी बघायची गोष्ट आहे. कुस्तीत पहिलवान मातीत लोळतात, मोजणीत मातीच पहिलवानांना लोळवते, एवढाच फरक. चहा दोन्हीकडून येतो. मी सांगितलेला भावाची माणसं पितात, त्यानं सांगितलेला माझी. साहेब मात्र घरून आणलेलं बाटलीतलं पाणी तेवढं पितात. दोन्ही चहांत साखरेशिवाय काय काय विरघळलेलं असतं, हे त्यांना नोकरीनं शिकवलेलं असतं.

भांडण बांधाचं होतं. शहरातल्या वाचकाला बांध म्हणजे दोन शेतांमधला मातीचा उंचवटा वाटतो. तसं नाही. बांध हा जिवंत प्राणी आहे. तो दर साली वाळतो आणि दर साली थोडा सरकतो. आजोबांच्या काळी आमच्या बांधावरून बैलगाडी जायची. वडलांच्या काळी सायकल जायची. आता मुंग्या जातात, त्याही एका रांगेत. ह्या कलेला बांध कोरणं म्हणतात. नांगराचा फाळ वळताना बोटभर आत घालायचा आणि त्याच वेळी आभाळाकडं बघून "औंदा पाऊस कसा ऱ्हातो की" असं मोठ्यानं म्हणायचं. बैलांच्या नांगरावर हातभर जमीन खायला एक पिढी लागायची. ट्रॅक्टर आला आणि तेच काम एका वळणात व्हायला लागलं. म्हणूनच हल्ली गावातली माणसं ट्रॅक्टरचा आवाज आला की घड्याळ बघत नाहीत, बांध बघतात.

साहेबांनी रोव्हर नावाचं यंत्र आणलं होतं. एक उभा दांडा आणि त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी. ही टोपी थेट उपग्रहांशी बोलते, असं कळल्यावर भावाच्या चेहऱ्यावर तेज आलं. आकाशातून न्याय व्हायचा तर तो आपल्याच बाजूनं होणार, असं प्रत्येकाला वाटतंच. मलाही तेच वाटत होतं. पण साहेब म्हणाले, "उपग्रह तुम्ही आज कुठं उभे आहात ते सांगतो. तुमचे आजोबा कुठं उभे होते ते त्याला कसं कळणार? जुना नकाशा जमिनीवर जमवून घ्यावा लागतो. त्यासाठी जागचा न हललेला एखादा दगड दाखवा."

जागचं न हललेलं असं आमच्या गावात काय आहे, ह्याचा नऊ जणांनी विचार केला. एकानं माझ्या चुलत्याचं नाव घेतलं. ते दहा वर्षं बाजेवरच आहेत. पण साहेबांना दगडच हवा होता. त्यांच्या जुन्या कागदावर गावाच्या शिवेवर, रस्त्याच्या कडेला, एक दगड दाखवलेला होता. रस्ता त्यानंतर किती वेळा रुंद झाला, कडा किती वेळा बदलल्या, ह्याची नोंद त्या कागदावर नव्हती. आम्ही सगळे दगड शोधायला निघालो.

पहिला सापडला तो पालमचं अंतर सांगणारा. ह्या दगडाची एक गंमत आहे. त्याच्या टोपीचा रंग बघून रस्ता कुणाचा ते कळतं: पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. म्हणजे प्रत्येक दगडानं आपल्या मालकाचा फेटा बांधलेला असतो. ह्याच्या फेट्यावर मात्र कुणातरी युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा डकवलेल्या होत्या, त्यामुळे रस्ता त्या नेतृत्वाचा आहे असंच वाटत होतं. एक जण म्हणाला, "ह्योच मैलाचा दगड." खरं तर १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर देशानं मैल सोडून किलोमीटर धरला, रस्त्यावरचे दगडही बदलले. भाषेनं मात्र मैल सोडला नाही. रस्त्यावरून गेलेला मैल वर्तमानपत्रात जाऊन राहिला. गावात नवी मुतारी बांधली तरी ती विकासाच्या वाटचालीतला मैलाचा दगड ठरते, आणि तिचं उद्घाटन करून पाहुणे परत जाताना खऱ्या दगडाला गाडी घासून जातात.

साहेबांनी हा दगड बाद केला. "हा तर परवाचा आहे," ते म्हणाले.

दुसरा दगड नळकांडी पुलाखाली सापडला. त्यावर बाया धुणं धुतात. वापरून वापरून तो असा गुळगुळीत झालाय, की त्यावर बसलेला माणूस दोन मिनिटांत पाण्यात असतो. त्याच्या वयाबद्दल तिथल्या तिथं परिसंवाद झाला. एका म्हाताऱ्यानं तो पांडवांच्या काळचा ठरवला, दुसऱ्यानं निजामाच्या काळचा आणि तिसऱ्यानं इंदिराबाईंच्या काळचा. आमच्याकडं इतिहासाचे हे तीनच कालखंड आहेत. त्याआधीचं ते हेमाडपंती आणि त्यानंतरचं ते घरकुल योजनेतलं. नीट उलटून बघितलं तेव्हा तो फुटक्या जात्याचा तळ निघाला. परिसंवाद संपला.

तिसरा दगड कुणी दाखवला नाही, कारण तो सगळ्यांनाच माहीत होता. रस्त्याच्या वळणावर, बाभळीखाली, वर पत्र्याचं छप्पर, पुढं दोन फुटकी नारळं, कडेला अर्धी विझलेली उदबत्ती. म्हसोबा. गुडघाभर उंच, अंगावर शेंदराचा बोटभर थर, त्याला चांदीच्या वर्खाचे दोन डोळे. येताजाताना मोटारसायकलवाले हॉर्न वाजवून नमस्कार करतात. हॉर्न आणि नमस्कार एकाच बटणात बसवणारे आम्हीच पहिले असू.

साहेब त्याच्याकडं बघतच राहिले. मग कागदाकडं बघितलं. मग परत म्हसोबाकडं. दगड नेमका जिथं पाहिजे तिथंच होता.

त्यांनी हात पुढं केला आणि बाभळीमागून आवाज आला, "काय करायलाव त्याला?"

सत्तरीतल्या एक आजी. देवाची दिवाबत्ती त्यांच्याकडं.

मी म्हणालो, "आजी, ह्यो देव न्हाई. शिवेचा दगड हाय, मोजणीचा."

आजी म्हणाल्या, "मंग? शिवेचा देव शिवेवरच असतो की. का माझ्या माजघरात असतो?"

ह्यावर महसुली कायद्यात उत्तर नाही. साहेबांनी बूट काढले. नारळ आणायचं ठरलं. तो माझ्या पैशानं यावा की भावाच्या, ह्यावर पाच मिनिटं गेली. शेवटी दोन नारळ आले, कारण देवही एका पक्षाचा होऊन चालणार नव्हतं. आजींनी शेंदूर खरवडायला साफ नकार दिला, पण वरच्या वर हात फिरवून बघायला परवानगी दिली. साहेबांनी दगडाच्या माथ्यावर अंगठा ठेवला आणि हळूहळू फिरवला. आधी एक खाच लागली. मग तिला आडवी दुसरी.

"फुली," साहेब म्हणाले.

शेंदराच्या कैक थरांखाली, कुण्या पाथरवटानं छिन्नीनं कोरलेली मोजणीची फुली होती. नवाच्या नऊ जणांनी आपापला अंगठा लावून खात्री केली. मीही लावला. खरं सांगतो, अंगावर काटा आला. आपण आजवर ज्याला फक्त "आमची म्हैस सापडू दे" एवढंच सांगत आलो, तो इतकी वर्षं डोक्यावर सरकारी शिक्का घेऊन गुमान बसला होता.

साहेब म्हणाले, नकाशा जमवून पंधरा दिवसांत कळवतो. आणि त्या पंधरा दिवसांत माझ्यात वारसाप्रेम जागं झालं.

त्याचं कारण लपवत नाही. दगड आपल्याच बाजूनं बोलणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. त्यामुळे त्याचं जतन होणं हे राष्ट्रीय कर्तव्य आहे असं मला रात्री झोपताना वाटायला लागलं. जो पुरावा आपल्या बाजूचा असतो, तो ऐतिहासिक असतोच.

मी त्या दगडाच्या चरित्राचा अभ्यास सुरू केला. तो निजामाच्या राज्यात रोवला गेला असं धरलं, तर पुढचं सगळं त्यानं एका जागी बसून बघितलंय. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. दगड तिथल्या तिथं, त्याच्या भोवतीची राज्यं बदलत गेली. पालमच्या एका टोकाला नांदेड जिल्ह्यातलं लोहा, दुसऱ्या टोकाला लातूर जिल्ह्यातलं अहमदपूर. म्हणजे शिवा ओलांडायची आम्हाला सवय आहे. पण आमच्या जिल्ह्याचा स्वतःचा बांध कसा कोरला गेला ते बघा. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्यात आमचं परतूर गेलं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली. तेव्हापासून १ मे जवळ आला की परभणीकर सातबारा उशाखाली घेऊन झोपतो. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही म्हणतो ते उगाच नाही. तुकडे पडण्याच्या बाबतीत दोघांचंही घराणं एकच. फरक एवढाच, की जर्मनी परत जोडली गेली.

शिवेला एके काळी केवढा मान होता! गावावर साथीचा रोग आला की मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचे, म्हणजे रोग आता शेजारच्या गावाचा. नवरदेव आला की सासरची माणसं शिवेवर जाऊन त्याचं स्वागत करायची, त्याला सीमांतपूजन म्हणतात. विधी आजही आहे, सीमा तेवढी राहिली नाही. आता सीमांतपूजन मंगल कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर होतं. नवरदेव शिवेवर नव्हे, लिफ्टच्या दारात अडवला जातो.

आणि शिवेचे वाद? साक्षीपुराव्यानं ते मिटले नाहीत तर गोतसभा दिव्य करायला लावायची. त्यातलं रवादिव्य म्हणजे उकळत्या तेलातुपातून हातानं धातूचा तुकडा काढायचा. हात भाजला नाही तर तुमचं खरं. मी भावाला हे सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "चालंल की. आधी तू." म्हणून आम्ही मोजणीची फी भरली. त्या काळात शीव कुठून कुठं जाते ह्याची खडान् खडा माहिती गावच्या महारांना असायची आणि शिवेच्या वादात त्यांची साक्ष अखेरची मानली जायची. ज्यांना गावानं गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांनाच गावाला विचारावं लागायचं की आमचं गाव संपतं कुठं. ह्या एका गोष्टीवर आमच्या गावात अजून कुणी परिसंवाद घेतलेला नाही.

दगडाचं रक्षण कसं करावं, ह्याच्या जुन्या रीतीही मी शोधल्या. शिलाहार राजांची रीत सगळ्यांत परिणामकारक होती. ते दान दिलेल्या जमिनीवर गधेगाळ नावाचा दगड रोवत. वर सूर्य, चंद्र आणि कलश, म्हणजे हे दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावं. मध्ये मजकूर. आणि खालच्या चौकटीत एक गाढव, एक बाई आणि असं चित्र, की सोबत पोरंबाळं असतील तर "चला, पुढं बघू" म्हणावं लागतं. हे दान जो मोडील त्याच्या आईची काय गत होईल, ते त्यात सचित्र सांगितलेलं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कायदा कळावा, ही सोय आजच्या राजपत्रात नाही.

असा सगळ्यांत नामवंत दगड अलिबागजवळच्या अक्षीचा. शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या विद्वानानं वाचलेला, मराठीतल्या अगदी आद्य शिलालेखांतला. आपली भाषा पहिल्यांदा दगडावर उमटली, तिथं आपण काय केलं? तो दगड वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा राहू दिला. भाषेच्या अभिजात दर्जासाठी आपण दिल्लीला खेपा घालत होतो, तेव्हा तिचा जन्मदाखला एस. टी.ची धूळ खात होता. फार उशिरा त्याच्या जतनाचं मनावर घेतलं गेलं.

मुंबईची गोष्टही अशीच. इंग्रजांनी फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजत एकोणिसाव्या शतकात मैलाचे दगड बसवले. पुढं ते वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आले. पण रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, फूटपाथ वर येत गेला आणि पहिल्या श्रेणीचा वारसा गळ्यापर्यंत गाडला गेला. अलीकडं महापालिकेनं त्यातले काही खणून वर काढले, स्वच्छ केले, पुन्हा उभे केले. शहरात वारसा पुरायला खड्डा खणावा लागत नाही. रस्ता दुरुस्त करत राहिलं की पुरे.

मग मी कायदा वाचला. १९५८ चा केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा. शंभर वर्षांहून जुनी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरली की ती संरक्षित होते. २०१० च्या दुरुस्तीनं तिच्या भोवतीचे शंभर मीटर बांधकामाला बंद झाले आणि त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीचे. मी उत्साहानं आमच्या म्हसोबाला केंद्र धरून शंभर मीटरचं वर्तुळ काढलं. त्यात चहाची टपरी आली, पिठाची गिरणी आली, पोल्ट्री आली, आणि माझ्या भावाचं नवं घर आलं. इथवर मला कायदा फार आवडला. मग माझीच विहीर आली, आणि राष्ट्रीय महत्त्वाचा विचार मी थोडा पुढं ढकलला.

तरी अर्ज केलाच. 'वारसा जतन करणेबाबत' असा विषय घालून एका कार्यालयात दिला. कार्यालयाचं नाव सांगत नाही, ती माणसं आपलीच आहेत. टेबलावरच्या साहेबांनी विषय वाचला आणि न बघता विचारलं, "मयत कोण?"

मी म्हणालो, "मयत कुणी नाही. दगड आहे."

"दगड कुणाच्या नावावर?"

"कुणाच्याच नाही. शिवेवर आहे."

"मग वारस किती?"

मी विचार केला आणि म्हणालो, "तसं बघितलं तर सगळं गाव."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "सगळ्यांची संमतीपत्रं आणा. आणि मृत्यूचा दाखला जोडा."

'वारसा' आणि 'वारस नोंद' ह्यांत आमच्याकडं फक्त एका कान्याचा फरक आहे. आणि तो कानाच शेवटी महत्त्वाचा ठरला, ते पुढं येईलच.

ह्या पंधरा दिवसांत मला परदेशातूनही धीर आला. २०२१ साली बेल्जियममधल्या एर्कलिन गावच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला एक दगड आडवा येत होता. त्यानं तो उचलून दोन मीटर एकोणतीस सेंटिमीटर पलीकडं ठेवला. दगड होता १८१९ सालचा, फ्रान्स आणि बेल्जियमच्या सरहद्दीचा. एका दुपारच्या नांगरटीत त्या पठ्ठ्यानं बेल्जियम मोठा केला आणि फ्रान्स लहान. नेपोलियनच्या पराभवानंतर ठरलेली हद्द, मोठमोठ्या दरबारांनी आखलेली, आणि ती एका कास्तकारानं तिफणीच्या सोयीसाठी सरकवली! दोन्हीकडचे महापौर हसले, दगड परत जागेवर ठेवा एवढंच म्हणाले. न ठेवला तर १९३० पासून झोपलेला सीमा आयोग उठवावा लागेल, असंही निघालं. ही बातमी मी पारावर सांगितली तेव्हा लोकांनी एकच प्रश्न विचारला: "त्याचा सोयरा पालमात कोन हाय?"

आणि रोमन लोक! त्यांचा तर शिवेच्या दगडाचा स्वतंत्र देवच होता, टर्मिनस नावाचा. दर २३ फेब्रुवारीला दोन्हीकडचे शेजारी येऊन शिवेच्या दगडाला हार घालायचे, कोकरू नाहीतर डुकराचं पिल्लू कापायचे आणि मिळून जेवायचे. ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायला टेकडीवरच्या बाकीच्या देवांनी जागा सोडली, टर्मिनस मात्र हलेना. शेवटी त्याला आत ठेवूनच देऊळ बांधलं. अतिक्रमणविरोधी मोहिमेपुढं न हललेला हा पहिला दगड. मी हे आजींना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "हलंल कसा?" त्या म्हणाल्या. "त्याचं कामच ते हाय."

त्या बोलण्यानं मी थोडा गप्प झालो, कारण त्यात आमच्या रस्त्याची गोष्ट होती. रस्ता रुंद करायला यंत्रं आली तेव्हा कडेची चिंच गेली, विहिरीचा काठ गेला, जुना पार गेला. म्हसोबापाशी आल्यावर यंत्रावरच्या पोरानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून पाया पडला. रस्ता तिथं चार फूट वाकून गेलाय. परक्या गावचा ड्रायव्हर त्या वळणावर शिव्या देतो, पण वळतो. सरकारी खूण हलवणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या ४३४ व्या कलमात वर्षभराची कैद होती. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेतही तरतूद आहे. ह्या कलमाची भीती घातलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. शेंदराची भीती मात्र इंजिन बंद पाडते. कलमात वर्षभर, म्हसोबात सात पिढ्या.

पण ह्याच शेंदरानं फुली झाकली. दगड वाचला आणि तो कशाचा आहे तेच गाव विसरलं. ज्यावर शेंदूर नव्हता त्या दगडांची तर आठवणही उरली नाही आणि दगडही उरले नाहीत. कुणी पायरीला लावला, कुणी गोठ्याला, कुणी शेळी बांधायला नेला.

पंधरा दिवसांनी निकाल आला.

साहेबांनी नकाशा उलगडला, भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. दगडाच्या फुलीपासून माप धरून आमच्या दोघांच्या शेताची मूळ हद्द निघत होती, आणि बांध तिच्यापासून दीड हात सरकलेला होता. भावाच्या बाजूला. म्हणजे खाल्लं होतं आम्ही.

दीड हात. मी मनात हिशेब केला. मी ट्रॅक्टर घेऊन फार वर्षं झाली नाहीत. माझ्याकडं फार तर वीत येते. उरलेलं सगळं वडलांचं. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का, एकादशीला गंगाखेडला गोदावरीत स्नान, कुणाच्या चार आण्याला हात न लावणारा माणूस. पण नांगर वळवताना आभाळाकडं बघायची त्यांना सवय होती. ती मीही उचलली होती. कान्याचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं. वडलांकडून वारस म्हणून जमीन आली आणि वारसा म्हणून हा दीड हात आला. दोन्हींची नोंद एकाच दगडावर निघाली.

घरी आलो. माय भाकरी थापत होती. सांगितलं. ती वर न बघता म्हणाली, "तुझ्या चुलतीला म्या तवाच म्हनले होते, दगडाला इचार." त्याउपर ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर आठवडाभर माझं वारसाप्रेम आटलं, हे कबूल करतो. अर्जाचा पाठपुरावा सोडला. एकदा तर रात्री मनात आलं की दगड नसता तर बरं झालं असतं. आणि तिथंच मला कळलं की आपल्याकडं शिवेचे दगड का टिकत नाहीत. रस्ता, ठेकेदार, डांबर ही सगळी नंतरची कारणं. दगड कुणाच्याच बाजूचा नसतो, हे पहिलं कारण. देऊळ वाचवायला भक्त असतात, किल्ला वाचवायला मावळे असतात. शिवेचा दगड वाचला तर दोन्हीकडचे घाबरतात. त्यामुळे तो हलला की दोन्हीकडचे गप्प बसतात.

शेवटी मी आजींकडं गेलो. नारळ घेऊन, माझ्या पैशाचा. आमची तडजोड झाली. शेंदूर अंगाला राहील, माथा मोकळा ठेवायचा. माथ्यावरचा थर आजींनी स्वतः गोडेतेल लावून, चिंधीनं, दोन दिवस पुसून काढला. मला हात लावू दिला नाही. फुली वर आली, चार बोटं लांब, एक बाजू थोडी तिरपी. पाथरवटाचा हात त्या जागी घसरला असावा. ग्रामपंचायतीच्या वहीत आम्ही नोंद केली: शिवेचा दगड, बाभळीखाली, माथ्यावर फुली, म्हसोबा म्हणून पूजा. सरपंचांनी सही केली, आजींनी अंगठा दिला. वारसा समिती म्हणायची तर एवढीच.

तुमच्याही गावाच्या शिवेवर असा एखादा असेल. पायरीत, बांधात, नाहीतर शेंदरात. येत्या पोळ्याला बैल मिरवून आणाल तेव्हा जरा थांबून बघा. खरवडू नका, रंग देऊ नका, घरी तर अजिबात नेऊ नका. अंगठा फिरवून बघा, फोटो काढा, वहीत दोन ओळी लिहून ठेवा. फक्त एक सांगतो: बघण्याआधी आपला बांध एकदा मोजून घ्या.

तो दीड हात मी भावाला सोडला. औंदा त्यात त्यानं तूर लावलीय. माझ्यापेक्षा चांगली आली.